केंद्रावरचा सराव बंद करू नका : शिक्षक प्रशिक्षणाचं नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिक्षक प्रशिक्षणाचं नियोजन करणारे सर्व अधिकारी,
तालुक्यापासून राज्यापर्यंत.

माननीय महोदय, महोदया,

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात, एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग आम्ही दोघं मिळून सांभाळतो.

नुकताच आमच्या तालुक्यात एक आदेश निघाला. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं; तिथे दर महिन्याला शिक्षक एकत्र बसतात, ती शिक्षण परिषद. तिच्यात तंत्रज्ञानाच्या प्रत्यक्ष सरावासाठी जो वेळ असायचा, तो यापुढे राहणार नाही. त्याऐवजी व्हिडिओची लिंक येईल. ती प्रत्येकाने सवडीने पूर्ण करायची आणि प्रमाणपत्र व्हॉट्सॲप गटावर टाकायचं. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर लेखी खुलासा द्यायचा. कारण दिलंय वेळेच्या आणि प्रवासाच्या बचतीचं.

हा निर्णय मागे घ्यावा म्हणून हे पत्र लिहिते आहे. आधी केंद्रप्रमुखांमार्फत रीतसर अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, पण उत्तर आलं नाही. शिवाय या निर्णयाचा परिणाम ज्यांच्या लेकरांवर होणार आहे, त्या पालकांनाही हे कळायला हवं. म्हणून पत्र उघड आहे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात लिहिते आहे, असा समज कृपया करून घेऊ नका. त्या सरावामुळेच मी आज वर्गात मोबाइल आत्मविश्वासाने वापरते. तो सराव गेला तर माझ्या वयाच्या कितीतरी शिक्षकांची वाट बंद होईल, हे दिसतंय म्हणून गप्प बसवत नाही.

आमच्या पिढीने डी.एड. केलं तेव्हा कॉलेजात खडू, तक्ते आणि फ्लॅनेल बोर्ड होता. पुढे वेतनवाढीसाठी एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आवश्यक झाली, तीही आम्ही उत्तीर्ण झालो. तिने संगणकाची ओळख करून दिली. पण पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना त्याचा काय उपयोग करायचा, हे शिकवणं त्या परीक्षेचं काम नव्हतं. मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या. रोज अभ्यासमाला, म्हणजे त्या दिवसाच्या अभ्यासाच्या लिंका यायच्या, त्या आम्ही पालकांच्या गटावर पुढे पाठवायचो. तांड्यावर स्मार्टफोन मोजक्याच घरांत होते. जिथे होते, तिथे रिचार्ज नसायचा. त्या दिवसांत मी पुष्कळ लिंका पाठवल्या, पण त्यातून मुलांना काय शिकवावं आणि कसं, याचा अंदाज मला येत नव्हता. मोबाइलवर शिकवणं म्हणजे पाठवत राहणं, एवढंच आमच्या हाती उरलं होतं.

बदल झाला तो शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, केंद्रावरच्या एका परिषदेत. शेजारच्या शाळेतले एक तरुण सर प्लिकर्स नावाचं ॲप दाखवत होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलाकडे कागदाचं एक कार्ड असतं, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. कार्ड ज्या बाजूने वर धरलं, ते उत्तर. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं उत्तर काय, ते पडद्यावर येतं. मुलांकडे एकही फोन लागत नाही. एका फोनवर अख्खा वर्ग चालतो, आणि शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी.

माझी पाळी आली तेव्हा मी सवयीने फोन त्यांच्यापुढे केला. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, ‘मॅडम, फोन तुमच्याच हातात राहू द्या. मी नुसता सांगतो.’ वर्ग तयार करणं, मुलांची नावं टाकणं, प्रश्न लिहिणं, पर्याय देणं, बरोबर उत्तरावर खूण करणं, सगळं माझ्या बोटांनी झालं. मध्ये एकदा सगळं पान नाहीसं झालं. ते घाईने पुढे आले नाहीत. ‘मागे जा, आहे तिथेच असेल,’ एवढंच म्हणाले, आणि ते तिथेच होतं. आपलं बोट चुकीच्या जागी पडलं तर सगळी माहिती उडेल, ही भीती माझ्या मनात इतकी वर्षं होती. ती त्या दुपारी गेली. एरवीच्या प्रशिक्षणांत ज्याला येतं तो फोन घेतो, भराभर चार ठिकाणी टिचक्या मारतो आणि ‘झालं बघा’ म्हणून परत देतो. त्याने काम होतं, पण शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर कार्डं चिकटवली आणि पाचवीला एक प्रश्न विचारला : तीन छेद पाच मोठा की तीन छेद आठ? तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकावरची दोन मुलं ओरडली असती, बाकीच्यांनी माना हलवल्या असत्या आणि मी पुढच्या उदाहरणावर गेले असते. कार्डांनी दाखवलं की निम्म्याहून अधिक वर्गाला तीन छेद आठ मोठा वाटतो, कारण आठ हा पाचापेक्षा मोठा आहे. गृहपाठाच्या वहीत हे कधीच उघड झालं नव्हतं, कारण तिथे सगळ्यांची उत्तरं सारखीच असतात. मग मी कागदाच्या पट्ट्या घेतल्या. एक पट्टी पाच घड्यांची, एक आठ घड्यांची. मुलांनीच तीन-तीन भाग रंगवले आणि शेजारी ठेवून पाहिले. साधन मोबाइलचं होतं, शिकवणं कागदाचं होतं. ऑनलाइन साधनाकडून शिक्षकाला एवढंच हवं असतं : मुलं नेमकी कुठे अडली आहेत, ते वेळेवर कळावं.

दुसरं उदाहरण आमच्या भागाचं आहे. दिवाळी झाली की तांड्यावरची बरीच जोडपी कारखान्यांकडे निघतात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. काही जातातच. तिथे आईवडिलांचा फोन दिवसभर उसाच्या फडात असतो. मुलीच्या हाती तो येतो रात्री, कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, चूल पेटल्यावर. सकाळी दहाला भरणारा ऑनलाइन तास तिच्या काहीच कामाचा नाही. म्हणून मी दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवते : एक उतारा वाचून दाखवते, शेवटी एक प्रश्न विचारते. ती रात्री ऐकते आणि स्वतः वाचून आवाज परत पाठवते. तिचं कुठे अडखळतं ते मला ऐकू येतं. ही युक्तीही मला केंद्रावरच, एका ज्येष्ठ मॅडमकडून मिळाली. कुठल्याही व्हिडिओत ती नव्हती, कारण व्हिडिओ करणाऱ्याला फड आणि कोपी माहीत असण्याचं कारण नाही.

आता गाऱ्हाणी सांगते.

सर्वांत आधी प्रमाणपत्रं. निष्ठा हे देशभरातल्या शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण 2020च्या ऑक्टोबरपासून दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन आलं, प्राथमिकसाठी त्यात 18 अभ्यासक्रम होते. त्यांत वाचण्यासारखं, विचार करण्यासारखं पुष्कळ होतं. पण मुदत, टक्केवारी आणि तालुक्यांची क्रमवारी आली की अभ्यासक्रम मागे पडतो. व्हिडिओ आवाज बंद करून चालू राहतो, प्रश्नांच्या उत्तरांची पीडीएफ गटागटांवर फिरते आणि तालुका शंभर टक्के होतो. हे आपल्यालाही माहीत आहे. असं करणारे शिक्षक कामचुकार आहेत, असं मी म्हणणार नाही. दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, त्यात ‘आजच पूर्ण करा’ असा निरोप येतो, मग माणूस दुसरं काय करणार? पण त्या शंभर टक्क्यांवरून शिक्षकांना तंत्रज्ञान येऊ लागलं असा निष्कर्ष काढून प्रत्यक्ष सराव बंद करणं, हा शिक्षकांवर आणि मुलांवर अन्याय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाच्या उपक्रमांत भाग घेणं अपेक्षित आहे. त्याच परिच्छेदात स्थानिक पातळीवरच्या कार्यशाळांचा उल्लेख ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या जोडीने येतो. धोरणाने दोन्ही दिलं आहे. त्यातलं एक काढून घेण्याचा अधिकार तालुक्याच्या एका पत्राला कसा मिळाला?

सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. ज्यांचं प्रमाणपत्र बाकी असतं, त्यांच्या नावांची यादी गटावर येते. नावं लाल रंगात असतात. त्या गटात आमच्याच हाताखाली शिकून शिक्षक झालेली मुलं आहेत. तीस वर्षं उत्तम शिकवणाऱ्या, ज्यांच्या वर्गातलं एकही मूल वाचनात मागे राहिलं नाही अशा एका बाईंचं नाव मी त्या यादीत वाचलं. नंतर त्यांनी आपला फोन मुलाच्या हाती दिला आणि सगळी प्रशिक्षणं त्याच्याकडून करून घेऊ लागल्या. कागदावर त्या आज पूर्ण प्रशिक्षित आहेत. प्रत्यक्षात त्यांनी फोन हातातून खाली ठेवला आहे, तो कदाचित निवृत्तीपर्यंत. वर्गात चुकलेल्या मुलाचं नाव फळ्यावर लिहून त्याला लाजवू नये, हे आपणच आम्हाला प्रशिक्षणांत शिकवता. तो नियम शिक्षकांना का लागू नसावा?

मग माहिती भरण्याचं काम. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचा दिवस बघा. हजेरी ऑनलाइन, पोषण आहाराची रोजची संख्या ऑनलाइन, यूडायस प्लस ही शाळांच्या माहितीची सरकारी प्रणाली, आधार पडताळणी, अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, चाचण्यांचे गुण, आणि प्रत्येक उपक्रमाचे फोटो. यूडायस प्लसमध्ये 2022-23पासून विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते. तरीही तीच नावं, त्याच जन्मतारखा, तेच आधार क्रमांक पुन्हा एक्सेलच्या तक्त्यात मागवले जातात, आणि बहुतेक वेळा निरोप दुपारी येतो, तोही ‘तातडीने’. आम्ही दिवसभर मोबाइलवर असतो आणि वर्गासाठी मात्र तो क्वचितच हाती घेता येतो. पालकांना खिडकीतून दिसतं ते एवढंच, की बाई फोनवर आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतील असं म्हटलं आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरले आहेत, आणि त्यांत पाठाच्या तयारीचाही वेळ मोजला आहे. नवं साधन वर्गात आणायचं तर तयारीला वेळ लागतोच. प्लिकर्सवरचे पाच चांगले प्रश्न तयार करायला मला आजही अर्धा-पाऊण तास लागतो, कारण चुकीचे पर्यायसुद्धा विचार करून द्यावे लागतात. तो वेळ आज रात्री, घरी, स्वयंपाक उरकल्यावर मिळतो.

फोन आमचा, रिचार्ज आमचा. आमचा खाजगी नंबर शंभर ठिकाणी नोंदलेला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 30पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10,000 रुपये आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, उरलेल्यात वीजबिल, खडू, कागद, डागडुजी. 2015मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि पुढची काही वर्षं गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. आमच्या तांड्यानेही हंगामाच्या उचलीतून, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेल्या रकमेतून, पैसे काढून टीव्ही घेऊन दिला. तो बिघडला तेव्हा दुरुस्ती खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली करायची, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी आम्ही दोघांनी आपल्या खिशातून केली. ज्यांनी उसाच्या मोळ्या उचलून ते पैसे दिले, त्यांच्यापुढे बंद टीव्ही ठेवायची आमची तयारी नव्हती.

मुलांच्या फोटोंबद्दल थोडक्यात सांगते. रोज फोटो मागवले जातात. ते कुठे साठतात, किती दिवस राहतात, कोण पाहतं, हे आम्हाला कधी सांगितलं जात नाही, आणि पालक विचारतात तेव्हा आमच्याकडे सांगायला काही नसतं. देशात 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. तांड्यावरच्या आईलाही ती संमती विचारली जावी.

चांगली साधनं नाहीत, असं मुळीच नाही. फेट या संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची अनुकरणं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, मराठीत आहेत, मोफत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विजेचं मंडल असो वा अपूर्णांक, मुलं हाताने हलवून पाहतात. आवाजाने मराठी टंकलेखन करता येतं, ज्याने इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाला घाबरणाऱ्या कितीतरी जणांचं काम सोपं झालं. हे सगळं मला कुठल्या परिपत्रकातून कळलं नाही, केंद्रावर बसलेल्या सहकाऱ्यांकडून कळलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा साऱ्या राज्याने अभिमानाने पेढे वाटले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचं त्यांचं काम वर्गातल्या मुलांची गरज पाहून सुरू झालं होतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला जमतं, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? जमण्यासाठी त्याला थोडी मोकळीक आणि सोबत लागते.

आपण म्हणाल, परिषदेसाठी शाळा सोडून यावं लागतं, प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्ती कमी आहेत, प्रवासभत्त्याचा प्रश्न येतो. अडचणी खऱ्या आहेत. पण बाहेरून तज्ज्ञ आणायची गरजच नाही. आमच्या केंद्रात मोबाइलवर उत्तम काम करणारे तीन-चार शिक्षक आहेत, आणि ते आनंदाने शिकवतात. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यानंतर दोन तास बसता येतं. तेही शक्य नसेल तर दोन महिन्यांतून एकदा बसू. पण समोरासमोर बसू, प्रत्येकाचा फोन त्याच्या हातात असेल.

म्हणून मागण्या अशा :

केंद्रावरचा प्रत्यक्ष सराव बंद करणारा आदेश मागे घ्यावा. त्या सरावाचे तास 50 तासांत मोजावेत.

प्रमाणपत्र बाकी असलेल्यांच्या नावांच्या याद्या गटावर टाकणं तात्काळ थांबवावं. ज्याला अडचण आहे, त्याला एक सोबती शिक्षक जोडून द्यावा.

एखादं प्रशिक्षण यशस्वी झालं की नाही, हे प्रमाणपत्रांच्या संख्येवर ठरवू नये. दोन महिन्यांनी शाळेत येऊन शिक्षकाने त्यातलं काय वापरलं ते पाहावं, आणि नसेल वापरलं तर का नाही, ते ऐकून घ्यावं.

जी माहिती यूडायस प्लसवर भरलेली आहे, ती शाळेकडून दुसऱ्या तक्त्यात मागू नये. कार्यालयाने ती तिथून घ्यावी.

प्रत्येक शाळेला शाळेच्या नावाचा एक फोन किंवा टॅब, त्याचा रिचार्ज आणि उपकरणांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र तरतूद मिळावी.

मराठीत आणि विनाइंटरनेट चालणारं, तपासून घेतलेलं साहित्य पेनड्राइव्हवर केंद्रापर्यंत पोचवावं.

मुलांचे फोटो कशासाठी घेतले जातात आणि कुठे ठेवले जातात, हे लेखी कळवावं. ते कळेपर्यंत रोजच्या फोटोंची सक्ती नसावी.

पुढची परिषद आमच्या शाळेत घ्यावी, असं पत्र मी केंद्रप्रमुखांकडे दिलं आहे. वीज आहे, टीव्ही चालू आहे, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीने स्वतःहून अंगावर घेतली आहे. आपल्यापैकी कुणीही यावं. आपलं स्वागत आहे. ज्या बाईंबद्दल वर लिहिलं, त्याही यायला तयार झाल्या आहेत, स्वतःचा फोन घेऊन.

या पत्राचं लेखी उत्तर दिवाळीच्या सुट्टीआधी मिळावं, आणि ज्या गटावर आदेश आला त्याच गटावर मिळावं. सुट्टीनंतर माझा निम्मा वर्ग कारखान्यांकडे निघालेला असेल, आणि त्या मुलांपर्यंत पोचण्याची तयारी आम्हा शिक्षकांना त्याआधी करायची आहे.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका